पार्वताबाईंचा डबा

घटस्फोटानंतर माणसानं काय करावं, याबद्दल कुंदन धोटेला सल्ल्यांची कमतरता नव्हती. कुणी म्हणालं जिम लाव, कुणी म्हणालं सकाळी लवकर उठून पळायला जा, एकानं तर केस वाढवायला सांगितलं. (कुंदनच्या डोक्याची एकंदर परिस्थिती बघता हा सल्ला चांगल्या मनानं दिलेला नव्हता.) कुंदननं यातलं काहीही केलं नाही. त्यानं एक साधीशी गोष्ट ठरवली: सासूबाईंचा डबा परत करून टाकायचा.

ही कल्पनाही त्याची स्वतःची नव्हती. कुंदन राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासचं ऑफिस सांभाळायचा. प्रवेश, हजेरी, पालकांचे फोन, मुलांच्या हरवलेल्या छत्र्या, सगळं त्याच्याकडे. तिथले ओमप्रकाश सर फिजिक्स शिकवत. ते एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "कुंदन, तिची एकही वस्तू घरात ठेवू नको. जुनं बाहेर गेल्याशिवाय नवं आत येत नाही. नियम आहे." सर फिजिक्सचे असल्यामुळे ते काहीही बोलले तरी नियमच वाटे.

करिश्मा आपलं सामान केव्हाच घेऊन गेली होती. पाच वर्षांच्या संसारात भांडण म्हणावं असं भांडण त्यांचं फारसं झालंच नाही, कारण भांडणाला दोघं लागतात आणि कुंदन ऐन वेळी गच्चीवर निघून जाई. शेवटी दोघांच्या संमतीनं, वकिलाच्या सल्ल्यानं आणि नातेवाइकांच्या उसाशांत सगळं आटोपलं. तेव्हापासून कुंदनला भीती वाटू लागली होती. कशाची, ते नीट सांगता यायचं नाही. लग्नपत्रिका आली की भीती, फोन वाजला की भीती. रस्त्यात कोणी सहज जरी पाहिलं तरी त्याला वाटे, ह्याला कळलंय आपण नापास झालोय ते. तो मेसमध्ये जेवायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून.

त्या रविवारी त्यानं घर आवरलं आणि ओट्याखाली डबा सापडला. चांगला पाच किलोचा, घट्ट झाकणाचा, स्टीलचा. एका दिवाळीत अकोल्याहून चिवडा भरून आलेला. त्याच्या पोटावर आणि झाकणावर मशीननं कोरलं होतं: सौ. पार्वताबाई शेषराव ताथोड, अकोला. आता आपल्याकडे भांड्यावरचं नाव म्हणजे शेताचा सातबारा. असा डबा ठेवूनही घेता येत नाही आणि मोडीतही घालता येत नाही. परत करणं एवढाच मार्ग उरतो. कुंदननं आईला फोन लावला. माणिकबाई अचलपूरजवळ गावी राहत आणि मुलाच्या फोनची वाट पाहत असत.

"आई, अकोल्याचा डबा परत पाठवून राहिलो."

"पार्वताबाईचा? काय टाकलं त्यात?"

"काय टाकायचं? खाली आहे, रिकामा."

"खाली डबा पाठवतं काय रे कोणी?"

"अवो आई, घटस्फोट झाला आता."

"म्हणूनच तर," माणिकबाई म्हणाल्या. "सोयरे होते तवा घरचे होते. खाली पाठवला असता तरी चाललं असतं. आता परके झाले ते. परक्याचा डबा खाली पाठवत नसतात. मूठभर साखर टाकून दे."

कुंदननं मूठभर साखर टाकली. ती पाच किलोच्या डब्याच्या तळाशी पसरली ती दिसेचना. त्याला वाटलं, उघडल्यावर लोक म्हणतील, बायको गेली तशी दानतही गेली. म्हणून आणखी एक मूठ टाकली. मग एक वाटी. मग तो खाली जाऊन दुकानातून साखर घेऊन आला आणि डबा काठोकाठ भरून मोकळा झाला.

डबा नेणार होते नत्थुजी. नत्थुजी परतवाड्याचे. त्यांचा छोटा हत्ती टेम्पो भाजीपाला घेऊन परतवाड्याहून अमरावतीला आणि तिथून पुढे अकोल्याला जाई. भाजीबरोबर ते लोकांचे डबे आणि निरोपही नेत. त्यातले डबे जसेच्या तसे पोचत.

"काय सांगू?" नत्थुजींनी विचारलं.

"काही सांगू नका. फक्त देऊन टाका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," कुंदन म्हणाला आणि त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मुक्यानं डबा देणं नत्थुजींच्या धंद्यात बसणारं नव्हतं, पण त्यांनी डबा उचलून गाडीत ठेवला.

कुंदन वर आला. ओट्याखालची रिकामी जागा बघून त्याला बरं वाटलं. आता नवं आत येईल, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी खाली हॉर्न वाजला आणि डबाच आत आला.

झाकण उघडलं तर आत शेवया आणि कुरड्या, त्यावर एक नारळ आणि सगळ्यात वर घडी केलेली टॉवेल-टोपी.

"हे काय?"

"केळवणाचं म्हणे."

"कोणाच्या केळवणाचं?"

"तुमच्या," नत्थुजी म्हणाले. "अभिनंदन बरं, भाऊ. आमाले सांगतलंही नाही."

"अहो, पण कोण म्हणालं माझं लग्न आहे?"

"डबाभर साखर पाठवली तुमी. पार्वताबाईनं विचारलं, काय आनंदाची बातमी? मी म्हटलं, मले काही सांगू नका म्हणाले. पण पोरगं घामाघूम झालतं. त्या म्हणाल्या, मंग लगनच जमलं असन."

कुंदन जिन्यातच बसला. घटस्फोटाचा निकाल लागून अजून वर्ष झालं नव्हतं आणि अकोल्यात त्याचं दुसरं लग्न जमलंही होतं. आता हे करिश्माच्या कानावर जाणार. शेषराव म्हणणार, बघा, आधीपासूनच ठरवलेलं असणार. शिवाय नत्थुजींची गाडी बडनेऱ्याला चहाला आणि मूर्तिजापूरला नाश्त्याला थांबते, म्हणजे तिथेही तो आता नवरदेव.

कुणी म्हणेल, फोन करून सांगायचं. कुंदननं फोन काढलाही. पार्वताबाईंचा नंबर अजून 'आई अकोला' या नावानं होता. लावला तर हाक काय मारायची? आई म्हणायचा हक्क कोर्टात सोडून आला होता आणि काकू म्हणायला जीभ वळेना. करिश्माशी त्याचं जमलं नाही हे खरं, पण तिच्या आईनं त्याला कधी उपाशी झोपू दिलं नव्हतं, आणि या बाईशी आपलं आता काही नातं नाही ही गोष्ट त्याला घटस्फोटापेक्षाही जास्त लागली होती. त्यानं फोन खिशात ठेवला.

म्हणजे खुलासा पाठवायचा तो डब्याबरोबरच, आणि डबा तर रिकामा पाठवायचा नाही. कुंदनचे वडील पंजाबराव यांच्या बागेतली संत्री त्यानं डब्यात भरली आणि नत्थुजींना निरोप तोंडपाठ करायला लावला: लग्न वगैरे काही जमलेलं नाही.

"लग्न नाही," नत्थुजी म्हणाले. "समजलं."

पुढच्या खेपेला डबा आला तो मेथीच्या लाडवांनी भरून.

"काय म्हणाल्या?"

"लय वाईट वाटलं त्याइले. मी सांगतलं, लगन मोडलं. त्या म्हणाल्या, पोरगं खंगलं असन, मेथ्या बऱ्या राह्यतीन."

आता कुंदन एकदा घटस्फोटित आणि एकदा लग्न मोडलेला असा झाला होता, आणि दुसऱ्या लग्नातली मुलगी कोण होती हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. ऑफिसात ओमप्रकाश सरांनी विचारलं, "डबा गेला ना?" कुंदन म्हणाला, "गेला." (गेला हे खरंच होतं. आला हे सरांनी विचारलं नव्हतं.)

मेथीचे लाडू कडू होते आणि फार चांगले होते. ते खाताना कुंदनला आपली कीव यायला लागली, आणि ती कीव अकोल्याहून पार्सलनं येतेय हे त्याला सहन होईना. आपण खंगलेलो नाही, ठणठणीत आहोत, स्वतःचं स्वतः करून खातो, हे त्या घराला कळायलाच हवं होतं. त्यानं व्हिडिओ लावला आणि शेंगदाण्याचे लाडू केले. आयुष्यात पहिल्यांदा. दिसायला ते गोल होते. डब्यात टाकताना त्यांचा जो आवाज आला त्यावरूनच त्यानं ओळखायला पाहिजे होतं, पण अननुभवी माणूस आवाजाकडे लक्ष देत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. 'आई अकोला.'

कुंदन सवयीनं गच्चीवर गेला. वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की फोन हातातच आहे आणि तो वाजतच आहे.

"हॅलो, कुंदन?"

"हं. म्हणजे हो."

"लाडू तूच केले?"

"हो."

"तुह्या सासऱ्यानं एक उचलला. दात वाचला त्याहिचा. मंग आमी खलबत्त्यात घातला, तर खलबत्ताच वाजून राह्यला. पाक किती वेळ ठेवला?"

"व्हिडिओत सांगितला तेवढा."

"व्हिडिओवाल्याले तुहा गॅस माहीत आहे काय? वाटीत पाणी घेऊन थेंब टाकून पाह्यजो. गोळी मऊ झाली की उतरवजो. कडक व्हायची वाट नाही पाहायची." मग त्या म्हणाल्या, "लगन मोडलं म्हणे तुह्यं."

"जमलंच नव्हतं."

"मंग साखर कायची होती?"

"डबा रिकामा पाठवू नये म्हणून," कुंदन म्हणाला. "आई म्हणाली मूठभर टाक. मूठभर दिसेना."

पलीकडे पार्वताबाई हसायला लागल्या. त्या हसतच होत्या बराच वेळ, आणि शेवटी शेवटी ते हसणं आहे की दुसरं काही हे कुंदनला कळेना. "येडं पोट्टं," त्या म्हणाल्या. "पोरीचं अन् तुह्यं नाही जमलं, ते तुमचं तुमी जाणा. पण मी डबा उघडला ना, अन् वाटलं, चला, एवढं तरी आपलं माणूस म्हणून आठवण ठेवली."

कुंदन कोर्टात रडला नव्हता. सामान गेलं त्या दिवशीही रडला नव्हता. त्या दिवशी मात्र तो पाण्याच्या टाकीमागे बसून चांगला रडला. (शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि त्या सभ्यपणे पापड उलटे करत राहिल्या.)

त्यानंतर डबा जायचा आणि यायचा. लाडू, मग जरा बरे लाडू. चकल्या. (त्यांच्याविषयी दोन्ही बाजूंनी नंतर कधी उल्लेख केला नाही.) पार्वताबाई फोनवरून सांगत आणि कुंदन खांद्यानं फोन कानाशी दाबून भाजी परते. झुणका जमला. कळण्याची भाकर फुगली नाही, पण तुटलीही नाही. त्यानं मेस बंद केली. भीती गेली नव्हती. पण पाकाकडे लक्ष असलं की तेवढा वेळ ती बाजूला उभी राही.

मधे एकदा पुण्याहून करिश्माचा फोन आला.

"कुंदन, तू माझ्या आईले लाडू काहून पाठवून राहिला?"

"डबा परत करून राहिलो."

"संक्रांतीपासून?"

"तो परत येतो."

करिश्मा म्हणाली, "मला इथं ती एक पापड पाठवत नाही. म्हणते, कुरिअरमध्ये तुटतात."

"मी पाठवू का?" कुंदन म्हणाला आणि लगेच घाबरला.

"नको. आता दुसरा डबा सुरू करू नको," ती म्हणाली. "बरा आहेस ना?"

"बरा आहे," कुंदन म्हणाला. एरवी तो हे सगळ्यांनाच सांगे. या वेळी ते पुष्कळसं खरं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण नत्थुजींच्या पोटात गोष्ट राहत नाही. परतवाड्याच्या भाजीबाजारात त्यांनी एका अडत्याला सांगितलं की अमरावतीला एक पोरगा आहे, घटस्फोट झाला, पण अजून सासूचा डबा परत करते. अडत्याची भाची प्रतीक्षा त्यांच्याकडेच राहायची आणि शेजारच्या अचलपूरला शाळेत गणित शिकवायची. तिचाही घटस्फोट झालेला. मामा म्हणाले, घटस्फोटवाले पुष्कळ पाहिले, डबा परत करणारा एकही पाहिला नाही. आणि मामा-भाची येत्या रविवारी पाहायला येणार असा निरोप येऊन थडकला.

कुंदनची झोप उडाली. पहिल्या वेळी तो इतका घाबरला नव्हता, कारण तेव्हा नापास होतात हे माहीत नव्हतं. आता त्याला सगळी प्रश्नपत्रिका माहीत होती. पुन्हा एक माणूस घरात येणार, पुन्हा आपण गच्चीवर जाणार, पुन्हा तेच होणार, आणि या वेळी तर 'जमलं नाही' असंही म्हणता येणार नाही, लोक म्हणतील ह्याचं कोणाशीच जमत नाही. रविवारी सकाळी ओमप्रकाश सर धीर द्यायला आले आणि ओट्यावर डबा बघून त्यांचाच धीर सुटला.

"हा इथे कसा? परत केला होता ना?"

"केला होता. बऱ्याचदा."

"लपव. आधी लपव. पहिल्या सासूचं नाव घरात, आणि तू मुलगी पाहायला बसतोस?"

कुंदननं डबा पलंगाखाली सरकवला. सर गेले. मग खाली गाडी थांबली, आणि कुंदनला आठवलं की पाहुण्यांसाठी केलेले लाडूही त्याच डब्यात आहेत.

मामा बोलके होते. प्रतीक्षा कमी बोलत होती आणि सगळं पाहत होती. कुंदननं पाणी दिलं, चहा दिला, आणि आत जाऊन लाडू ताटलीत काढायचे एवढंच काम उरलं होतं. पण पलंग बाहेरच्याच खोलीत होता. त्यावर मामा बसले होते. कुंदन मामांच्या पायांशी वाकला. मामांना वाटलं नमस्कार करतोय. ते "असू द्या, असू द्या" म्हणेपर्यंत कुंदननं त्यांच्या टाचांमागून पाच किलोचा डबा ओढून काढला होता.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. त्यानं डबाच टीपॉयवर ठेवला. आपल्याकडे पाहुणा दुसऱ्याच्या घरी गेला की आधी भांड्यावरचं नाव वाचतो. मामांनी खिशातून चष्मा काढला.

"सौ. पार्वताबाई शेषराव ताथोड, अकोला," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ह्या कोण तुमच्या?"

कुंदनच्या डोक्यात तीन-चार खोटी उत्तरं आली. मावशी. घरमालकीण. डबा सेकंडहँड घेतला. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"सासूबाई," तो म्हणाला. "म्हणजे होत्या. आता परक्या आहेत. म्हणून तर भरून पाठवावा लागतो."

मामांनी चष्मा काढला. त्यांना डबा परत करणारा जावई हवा होता, डबा चालू ठेवणारा नको होता. "म्हणजे तिकडचं अजून सुटलं नाही तर," ते म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले.

"त्यांचा नंबर आहे का?" प्रतीक्षानं विचारलं.

"कोणाचा?"

"तुमच्या सासूबाईंचा. चौकशी करायची आहे." मग ती मामांकडे वळून म्हणाली, "मामा, पहिल्या वेळी आपण गावभर चौकशी केली. सगळे म्हणाले, मुलगा चांगला आहे. वाईट काय आहे ते एकानंही सांगितलं नाही. ते मला लग्नानंतर कळलं. यांना विचारलं तर खरं तरी कळेल."

कुंदननं नंबर सांगितला. सांगताना त्याचे दोन आकडे चुकले. प्रतीक्षानं फोन स्पीकरवर टाकून डब्याच्या झाकणावर ठेवला.

"काकू, मी प्रतीक्षा बोलते, परतवाड्याची. कुंदन यांच्याकडे आलोय. त्यांच्याबद्दल तुम्हाला विचारायचं होतं."

"पाहायले आली काय? बरं केलं. थांब, गॅस बंद करू दे." गॅस बंद झाल्याचा आवाज आला. कुंदनला तो फार हळू बंद झाला असं वाटलं. "हं, विचार."

"माणूस कसा आहे?"

"वाईट नाही. भेकड आहे."

मामा पुन्हा पलंगावर टेकले.

"कशाला भितात?"

"कायलेही भेते. आमची पोरगी बोलायले लागली की हा गच्चीवर. ती वर गेली की हा खाली. पाच वर्षं दोघं जिन्यातच राह्यले समज. आताही उठला असन तो. बसव त्याले."

कुंदन खरोखरच उठला होता. तो बसला.

"पितात का? मारतात?"

"नाही, बाई. उगाच काहून खोटं सांगू? माह्या पोरीचं घर मोडलं, मले काय त्याचं कौतुक आहे? पण हात नाही उचलला कधी, अन् तोंडही नाही. तोंड उचललं असतं तर बरं झालं असतं. मनात ठेवते सगळं. घोरते. पण आता जरा सुधरला. सैपाक शिकून राह्यला. चूक झाली की पहिले फोन नाही करे, आता करते." पार्वताबाई म्हणाल्या. "पोरगी गेली की जवाईही जाते म्हणतात. हा डब्याच्या मागं मागं का होईना, राह्यला. आता तुले काय करायचं ते तू ठरव. अन् तो लाडू खाऊन पाहा आधी. दाताच्या भरवशावर नको खाऊ."

प्रतीक्षानं फोन बंद केला. हसली की नाही ते कुंदनला दिसलं नाही, कारण तो जमिनीकडे बघत होता. तिनं लाडू घेतला नाही. मात्र उठताना डबा उचलला.

"हा मी नेते," ती म्हणाली. "काकूंना मीच पाठवीन."

कुंदनच्या घरात ओट्याखालची जागा पुन्हा रिकामी झाली, आणि या वेळी ती बघून त्याला मुळीच बरं वाटलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. हॉर्न वाजेना. शेवटी त्यानं नत्थुजींना फोन केला, की डबा दिसत नाही.

"डबा चालू आहे ना, भाऊ. पोरगी भरून देते, पार्वताबाई भरून देते. लय जमलं दोघीचं. पण मी आता अकोटवरून जातो. परतवाड्याहून अकोला तसंच सरळ पडते. वाटेत अमरावती लागतच नाही."

म्हणजे डबा त्याला वगळून धावत होता. कुंदन भांड्यांच्या दुकानात गेला आणि त्यानं नवा डबा घेतला. पार्वताबाईंचा होता तेवढाच.

"नाव काय टाकू? वहिनींचं?" दुकानदारानं मशीन हातात घेत विचारलं.

"माझं," कुंदन म्हणाला. "कुंदन पंजाबराव धोटे, राजापेठ, अमरावती."

मशीन घरघरली. त्याच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कोणा ना कोणाचं नाव होतं, देणाऱ्याचं किंवा गेलेल्याचं. स्वतःचं असं हे पहिलंच. दुकानाच्या दारात उभं राहून त्यानं ते दोनदा वाचलं. मग घरी येऊन त्यानं लाडू केले. पहिला घाणा बिघडला, तो टाकला. दुसराही टाकला. तिसऱ्या वेळी पाण्यात थेंब टाकला, गोळी मऊ झाली आणि तो न घाबरता गॅसकडे गेला. नत्थुजींना खास बोलावून त्यानं डबा परतवाड्याला रवाना केला. त्यात त्याला म्हणायचं होतं ते सगळं होतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

चार दिवसांनी राजापेठेत हॉर्न वाजला. कुंदन जिना उतरला नाही, पडलाच म्हणायचं. डबा हलका होता. उघडला. आत घासून-पुसून लख्ख, आणि रिकामा.

"काय म्हणाली?"

"काही नाही. डबा दिला."

"काहीच नाही?"

"तुमीच म्हटलं होतं ना, काही सांगू नका म्हणून," नत्थुजी म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न जोडता निघून गेले.

कुंदननं आईला फोन लावला. माणिकबाई शेतात होत्या, रेंज नव्हती. ओमप्रकाश सरांनी डब्यात वाकून पाहिलं. "शून्य," ते म्हणाले. "शून्य म्हणजे नाही. नियम आहे." कुंदन गच्चीवर गेला. टाकीमागे जरा वेळ बसला. मग त्यानं फोन काढला आणि 'आई अकोला'वर बोट ठेवलं. आजवर नेहमी तिकडून फोन आल्यावर किंवा भाजी करपल्यावर तो बोलला होता. काही करपलेलं नसताना स्वतः होऊन लावण्याची ही पहिलीच वेळ.

"आई," तो म्हणाला. म्हणून गेल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. "माझा डबा खाली आला परतवाड्याहून."

"मंग?"

"मंग काय? खाली पाठवला तिनं. संपलं ना."

पलीकडे कुकरची शिटी झाली.

"तुह्या मायनं तुले काही शिकवलं नाही काय रे?" पार्वताबाई म्हणाल्या. "परक्याचा डबा भरून पाठवतात. घरच्याले कोणी भरून देते काय? होकार आहे पोरीचा. मले कालच फोन आलता. म्हणे, काकू, मी काही बोलत नाही, पाहू त्याले समजते काय. मी तवाच सांगतलं, समजणार नाही."

कुंदन टाकीला टेकला. त्याला हसू येत होतं. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी पापडांकडे मान वळवली.

"आता पाठव साखर," पार्वताबाई म्हणाल्या. "मूठभर. डबाभर नको."

"हो," कुंदन म्हणाला. मग त्याला राहवेना. तीन घाणे केले होते त्यानं. "आई, लाडू कसे झाले म्हणाली?"

"लाडू माह्याकडे आहेत."

"तुमच्याकडे? कोणते?"

"तुहे. माह्या डब्यात घालून पाठवले तिनं. म्हणे, काकू, तुमचा डबा खाली कसा पाठवू, अन् घरात दुसरं काही नव्हतं."

"म्हणजे तिनं एकही खाल्ला नाही?"

"खाल्ला ना एक," पार्वताबाई म्हणाल्या. "म्हणून तर बाकीचे पाठवले."